जवायाची वाटी

राळेगावात लीलामावशीच्या मागच्या पडवीत एक पिंजरा टांगलेला आहे. आत पोपट नाही. दार उघडं आहे, आणि वाऱ्यानं ते मिटू नये म्हणून दवाखान्यातल्या पांढऱ्या पट्टीच्या तुकड्यानं मागं बांधून ठेवलेलं आहे. गाठ सिस्टर लोक मारतात तशी, सपाट, कुठं टोचणार नाही अशी. पट्टी वर्षा-दोन वर्षांनी बदलत असणार, कारण परवा पाहिली ती अजून पांढरी होती. आत पितळेची वाटी, वाटीत भिजलेले हरभरे.

मी भाचीच्या साक्षगंधाला गेले होते. पंगती उठल्या, मंडपातली माणसं पेंगुळली, तशी मी मागच्या दारानं बाहेर पडले आणि न ठरवता त्या पडवीपाशी आले. न ठरवता, असं लिहिलं. खोडत नाही, पण ते तितकंसं खरं नाही. कळंब सुटल्यावर एसटीच्या खिडकीतून ओल्या तुरीचा वास आत आला होता, तेव्हापासूनच ठरत आलं होतं. एरवी माहेरी आले की मी मावशीला भेटायचे, पण पुढच्या दारानं. चहा घ्यायचा, गुडघ्यांची चौकशी करायची, निघायचं. पडवीकडे पाठ होईल अशी खुर्ची मी निवडायचे. इतकी वर्षं एक बाई आपली खुर्ची निवडून बसते, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

लीलामावशी आमच्या नात्यातली नव्हे. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती आणि आमच्या मागच्या घरात एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं. का नाही, ते आमच्या घरात कोणी विचारल्याचं आठवत नाही. एका उन्हाळ्यात वावधन आलं, दवाखान्याच्या आवारातला जुना निंब आडवा झाला, आणि त्याच्या ढोलीत तीन पिल्लं सापडली. दोन रात्रीच गेली. तिसरं मावशीनं एप्रनच्या खिशात घालून घरी आणलं आणि सुई काढलेल्या सिरिंजनं डाळीच्या पिठाची पेज भरवून जगवलं. पोपट पाळायला कायद्यानं मनाई आहे हे तेव्हा गल्लीत कोणालाच ठाऊक नव्हतं. मला ते माझ्या मुलीनं अलीकडे सांगितलं, आणि बरोबरच आहे ते.

पोपटाचं नाव तिनं जवाई ठेवलं. "मले ना लेक, ना लेकीचं लगन. मंग जवाई मिळन कुठचा? हाच," असं म्हणायची. नाव शोभायचंही. वाटी यायला उशीर झाला की तो भिंतीकडे तोंड करून बसे. शिळं दिलं की वाटी उलटी करी. अन् पाहुणे आले की मान ताठ करून, गळ्याची गुलाबी कंठी दाखवत, आपल्यासाठीच हे सगळे आलेत अशा थाटात दांडीवर येरझाऱ्या घाली.

मावशीची ड्यूटी आठची. त्याआधी जवायाचा राउंड. पिंजऱ्याखालचा कागद ती खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहायची, हातात पेशंटचा कागद असावा तशी. हिरवं आणि त्यात पांढरं असलं की ठीक. नुसतं पाणी असलं की त्या दिवशी अंगणातल्या जांबाचे जाम, म्हणजे पेरू, बंद, नुसते हरभरे. पिंजऱ्याबरोबर आलेली लोखंडी सळई तिनं पहिल्याच दिवशी काढून फेकली आणि निंबाची वाकडी फांदी बसवली. मी विचारलं, वाकडी काहून? तर म्हणाली, "तू दिवसभर एका पाइपावर उभी राह्यजो, मंग सांगजो मले. तळपायाले घट्टे पडतेत. जाड-बारीक असली का पाय हालते." फांदी तो सोलून काढी, आणि सोलून झाली की ती नवी आणी. सोलायला काही नसलं की पोपट आपलीच पिसं उपटतो, असं तिचं म्हणणं होतं. चुलीचा, फोडणीचा धूर जाईल तिथं पिंजरा टांगायचा नाही. चहा-बिस्कीट द्यायचं नाही, गल्लीतल्या कोणी दिलं तर ती तोंड सोडायची. दिवस मावळला की पिंजऱ्यावर जुनी पांढरी साडी. "त्यालेही झोप लागते. तुमच्या टीव्हीपायी त्यानं काहून जागावं?" आणि सगळ्यात वरचा नियम असा, की हरभरे असोत, मिरची असो, मक्याचं कणीस असो, जे काही त्याच्या पोटात जाईल ते तीन पाण्यानं धुवायचं. दोन नाही, तीन.

संध्याकाळी साडी पडल्यावर आतून करकर आवाज यायचा, हलका, एकसारखा. झोपण्याआधी तो चोच चोचीवर घासायचा. मी कितीदा त्या साडीला कान लावून उभी राहिले असेन. उन्हात बसलेल्या पोपटाच्या पिसांना एक वास असतो, कडब्यासारखा, किंचित गोडसर. तो साडीलाही लागलेला असायचा. मावशीनं धुतली तरी जायचा नाही.

मी अकरावीला होते, सायन्सला, आणि मला सगळं माहीत करून घ्यायचं होतं. शंभर पानी वहीत मी जवायाच्या नोंदी ठेवत होते. तो शेंग नेहमी डाव्या पायानंच का धरतो. जीभ काळी आणि जाड का, बोटाच्या पेरासारखी. मिरचीचं बी चावून त्याच्या डोळ्यात पाणी का येत नाही. तो आधी एका डोळ्यानं पाहतो, मग मान वळवून दुसऱ्या डोळ्यानं. दोन्ही डोळ्यांना दोन वेगळ्या गोष्टी दिसतात का? मला सगळ्यात नवल वाटे ते त्याच्या बुबुळाचं. आवडीचं काही दिसलं, आवडीचं माणूस आलं, की नारिंगी वर्तुळातला काळा ठिपका एकदम लहान व्हायचा, मोठा व्हायचा, पुन्हा लहान. मी पडवीत पाऊल टाकलं की तो ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होई. वहीत मी लिहिलं होतं: मला पाहून खूश होतो.

ती बोंडअळीची वर्षं होती. आमच्या घरी शेती नव्हती, बाबा पंचायत समितीत कारकून, पण त्या दिवसांत गावात कोणाच्या घरी काय चाललंय ते नाकाला कळायचं. ज्याच्याकडे कापूस त्याची पुढची खोली छतापर्यंत भरलेली, माणसं मागच्या खोलीत. कापसाच्या गंजीला एक उबदार, तेलकट वास असतो. आम्ही पोरी त्यात उड्या मारायचो आणि दोन दिवस अंग खाजवत बसायचो. त्या वासात हळूहळू दुसरा वास मिसळत गेला. उग्र, सडक्या लसणासारखा. फवाऱ्याचा. आधी तो वावरातच असायचा, मग रस्त्यावर आला, मग शर्टांना, दोरीवरच्या कपड्यांना, आमच्या वर्गातल्या बाकांना. एक दवाई लागेना की दुसरी, दुसरी लागेना की दोन्ही मिळून. मावशी ड्यूटीवरून यायची ती कोणाशी न बोलता आधी न्हाणीत जायची.

"पंपवाले येऊन राह्यले रोज," एकदा केस पुसता पुसता ती मला म्हणाली. "तोंडातून लाळ, घाम, अन् डोयाची बाहुली टाचणीएवढी. बाहुली पाह्यली का समजून जायचं. त्यावरचं इंजेक्शन टेबलावरच काढून ठेवलं मी, कपाटात ठेवाले टाइमच नाही."

मी तेही वहीत लिहिलं. पण वेगळ्या पानावर.

आता गल्लीतली एक सवय सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. कापसाच्या तासांमध्ये, म्हणजे ओळींच्या मध्ये, लोक तूर पेरतात, कडेला चवळी, अंबाडी, एखादा वाळकाचा वेल. कापसावर मारलं की ते सगळ्यावरच पडतं. मग भाजी घरी आली की लोकांना धाकधूक. ती धाकधूक मिटवायला त्यांनी जवाई शोधून काढला. पाखरू विषाला तोंड लावत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. त्यामुळे मावशी ड्यूटीवर गेली की बाया पदराखाली एखादी शेंग, एखादी फोड घेऊन पडवीत यायच्या आणि पिंजऱ्यात सरकवायच्या. "जवायानं खाल्लं ना? मंग झालं." कौतुकानंच करायच्या, वाईट कोणाच्याच मनात नव्हतं. मावशीला कळलं तेव्हा ती गल्लीच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "तो का लॅबोरेटरीत नोकरीले लागला हाय? धुऊन खा ना व बायांनो, नाही तं खाऊ नोका."

बाबा तिच्यामागं हसले. "सिस्टरचं शिक्षण दवाखान्यातलं. पाखराचं शिक्षण वरून येते."

मला जाणून घ्यायचं होतं, दोघांत खरं कोण. एवढंच. राग नव्हता, खोडी नव्हती. जे झालं ते निव्वळ कुतूहलानं झालं, आणि म्हणूनच मला ते कोणाच्या माथी मारता आलं नाही.

हिवाळ्यातला रविवार होता. मी सायकलनं वर्ध्याच्या रस्त्याला गेले आणि एका वावराच्या धुऱ्यावर, बांधावर, उतरले. बोंडं फुटलेली होती, मधल्या तासांत तूर शेंगांनी वाकलेली. पानं ओली होती, दव वाळून गेल्यावरही ओली. मी ओढणीत शेंगा तोडत होते तेव्हा पाठीवर पंप घेतलेला एक माणूस तासातून वर आला. नाकावर दुपट्टा बांधलेला.

"बाई, त्या नोको घेऊ. आत्ताच मारलं."

"नाही घेत, काका," मी म्हटलं आणि सायकलवर बसले. ओढणी भरलेली होती. वास मला येत होता. पूर्ण रस्ताभर येत होता.

मावशी दवाखान्यात होती, रविवारीही जायची त्या हंगामात. तिच्या माघारी जवायाची वाटी भरायचं काम माझं. तेवढा विश्वास गल्लीत फक्त माझ्यावर. अकरा वीसला मी एक शेंग पिंजऱ्याच्या गजांतून आत धरली. वेळ लिहिली. त्यानं डाव्या पायात घेतली, चोचीपाशी नेली, थांबला आणि टाकून दिली. दुसरी दिली. तीही टाकली आणि मान वळवून एका डोळ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी लिहिलं: खात नाही. बाबांचं खरं निघालं होतं. वही तिथंच मिटायला हवी होती.

इथपर्यंतचं मी कधीतरी नवऱ्याला सांगितलं आहे. पुढचं नाही.

माझ्या मनात आलं, माझ्या हातचं खाईल का? मी शेंग सोलली. तीन हिरवे दाणे तळहातावर घेतले, पिंजऱ्याचं दार उघडलं, हात आत घातला आणि लहानपणापासून त्याला ज्या आवाजात बोलवत होते त्या आवाजात म्हटलं, "ये जवाईबापू, ये." तो फांदीवरून सरकत सरकत आला. त्यानं दाण्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग खाल्ले. तीन खाल्ले, मी आणखी सोलले. माझ्या तळहाताला त्याची काळी जीभ लागली, कोरडी. आणि त्याच्या डोळ्यातला ठिपका लहान होत गेला, टाचणीएवढा झाला, आणि मला वाटलं, खूश झाला.

ठिपका पुन्हा मोठा झाला नाही तेव्हा मी वेगळ्या पानावर लिहिलेलं मला आठवलं.

बाराच्या सुमाराला तो फांदीवरून खाली उतरला आणि कागदावर बसला. पिसं फुगलेली, चोचीतून लाळेची तार लोंबत होती. दवाखाना आमच्या गल्लीपासून पायी दहा मिनिटं. मावशी तिथं होती, इंजेक्शन टेबलावर होतं, हे मला माहीत होतं. मी गेले नाही. गेले असते तर सांगावं लागलं असतं. मी त्याला पाणी पाजत बसले, पंख्यानं वारा घालत बसले, अडीचपर्यंत. मग शेजाऱ्यांच्या कापसाच्या खोलीतून मूठभर कापूस आणला, त्यात त्याला गुंडाळलं आणि मावशीच्याच अंगणातल्या जांबाच्या बुडाशी पुरलं. उरलेल्या शेंगाही. वहीची पानं फाडली.

चारला मावशी आली. मी म्हटलं, "मावशी, दार उघडं राह्यलं. उडून गेला."

तिनं आधी कडी पाहिली, मग मला. माझे रडून सुजलेले डोळे पाहून तिनंच मला जवळ घेतलं. "जाऊ दे वं. पाखरू हाय. भूक लागली का येईन," म्हणाली. मग आत गेली, पट्टी आणली आणि दार मागं बांधून टाकलं.

तेव्हापासून ते तसंच आहे. माझं लग्न होईपर्यंत रोज सकाळी मला ऐकू यायचं, वाटी धुण्याचं पाणी, तीनदा, आणि मग हरभरे पितळेवर पडण्याचा आवाज. जांबाला फळं धरली की राव्यांचे, रानातल्या पोपटांचे, थवे यायचे, आणि ती पडवीत येऊन प्रत्येक थव्याला हाक मारायची, "जवाई? जवाईबापू?" शेवटी थोडंसं उंचावलेला सूर, प्रश्नाचा. दुपारी साडीची घडी पडवीतल्या वाळणाच्या दांडीवर ठेवलेली दिसे, आला तर हाताशी असावी म्हणून. तिनं दुसरा पोपट घेतला नाही. कोणी आणून दिला तर म्हणायची, "माहा येईन अन् रुसून परत जाईन."

परवा मी पडवीत उभी असताना ती भिंत धरत धरत बाहेर आली. काचबिंदूनं तिचे डोळे गेले आहेत. उजेड कळतो, माणूस कळत नाही. तिनं वाटीत बोट घालून चाचपलं.

"कोण हाय?"

मी नाव सांगितलं.

"इकडून कशी आली तू? तू तं पुढून येतं."

म्हणजे लक्षात आलेलं होतं.

मी पायरीवर बसले आणि सांगितलं. धुऱ्यापासून. मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं, म्हणून थांबले नाही. ती ऐकत राहिली, पिंजऱ्याच्या तळाला हात टेकवून. मग सिस्टर विचारते तसं विचारलं.

"किती वाजता देल्लं?"

"अकरा वीस."

"लाळ कधी सुटली?"

"बाराला."

"अन् गेला?"

"अडीचला."

"तीन घंटे," ती म्हणाली. "आपल्या मनानं खाल्लं का त्यानं?"

हा प्रश्न ती विचारेल असं मला वाटलं नव्हतं. "नाही. दोनदा टाकून देल्लं. मंग माह्या हातचं खाल्लं."

मंडपातून कोणीतरी खुर्च्या एकात एक रचत असल्याचा आवाज येत होता.

"आणला असता तं पाह्यलं असतं मी," ती शेवटी म्हणाली. "वाचलाच असता असं नाही म्हणत. पाह्यलं असतं." आणि मग, "कुठी हाय?"

"जांबाखाली."

"अन् मी त्या झाडाचे जाम खात राह्यली." तिनं तोंड जांबाकडे वळवलं, जिकडे तिला नुसता हिरवा उजेड दिसत असेल. "पण मंग एक सांग मले. वाटी रोज खाली होते. सकाळी भरली का दहापर्यंत खाली. मले दिसत होतं तवा मी ड्यूटीवर, अन् घरी बसली तवा डोये गेले. कोण खाते ते हरभरे?"

मला माहीत नव्हतं. तसं म्हटलं.

"उद्या सकाळी येजो. बसजो इथं, अन् पाहून सांगजो." मग आत वळता वळता, "खरं सांगजो."

सकाळी सातला मी गेले. मागच्या दारानं. वाटी मी भरली, ती शेजारी खुर्चीवर बसून पाणी मोजत होती. तिसऱ्या पाण्यानंतरच तिनं मान हलवली. मग आम्ही वाट पाहिली. जांबावर राव्यांचा थवा उतरला, कलकल झाली, आणि तिचा चेहरा तिकडे वळला. एक मादी पार पडवीच्या पत्र्याच्या कडेला येऊन बसली, कंठी नसलेली. एक डोळा पिंजऱ्याकडे, मग दुसरा. मला इतकं हवं होतं की तिनं यावं. मावशीचे हात मांडीवर एकमेकांत गुंतलेले होते. "आला?" तिनं हळूच विचारलं. नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिला कधीच कळलं नसतं.

मादी उडून गेली. थवा गेला. थोड्या वेळानं पत्र्याच्या कडेवरून पिंजऱ्याच्या साखळीला काहीतरी लटकलं, सरसर खाली उतरलं आणि पट्टी बांधलेल्या दारातून, रोजची वाट असावी तसं, आत गेलं. दोन्ही हातांत हरभरा धरून, गाल फुगवून खायला लागलं.

"मावशी," मी म्हटलं, "खार आहे."

"खार."

"हो. एकच."

तिच्या ओठांच्या कडा हलल्या. हसू होतं की काय ते मला नाही सांगता येत. "म्हंजे इतके वर्स मी खारीचा पाहुणचार करून राह्यली." खार दाणे फोडत होती, टरफलं कागदावर पडत होती, तो बारीक आवाज ती मान कलती करून ऐकत होती, आधी एका कानानं, मग दुसऱ्या.

"पोट भरलं का तिचं?"

"भरलं. गेली."

"मंग आण ती वाटी," मावशी म्हणाली. "धुऊन ठेव. उद्या ती येईन."

मी नळाखाली वाटी धरली. एक पाणी टाकलं, दुसरं टाकलं. पाठीमागं ती मोजत होती.